ज्ञापनात नमस्कार नसतो

३ डिसेंबर

ही वही लिहायला घेण्याचं कारण आधी स्पष्ट लिहिते. आज दुपारी मी उमाजींवर इतकी ओरडले की समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं गिरणी बंद करून ऐकलं. संध्याकाळी नागेशराव म्हणाले, "तुझा रक्तदाब तुला सोसत नाही आणि तुझा आवाज अख्ख्या जोयडा गावाला. ओरडायचं ते लिहून काढत जा." नवऱ्याचं मी क्वचित ऐकते, पण यात मुद्दा होता.

उमाजी हे दिग्गी कंदमूळ उत्पादक संघाचे अध्यक्ष. कोन, करांदे, काटेकणगी, सुरण असे कंद पिकवणाऱ्या दिग्गीकडच्या घरांचा हा संघ. माल एकत्र करून विकतो, म्हणून व्यापारी दारात येऊन मातीमोलानं उचलून नेत नाही. संघाची वार्षिक सभा दोन वर्षं झालेली नाही. निदान पन्नास सभासद हजर लागतात, येतात नऊ. आता सहकार कार्यालयाचं पत्र आलंय: डिसेंबर संपायच्या आत सभा घ्या, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी गेली की संघ गेला.

मी धारवाडला सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात जन्म घालवला आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. म्हणून गेल्या आठवड्यात उमाजींनी मला संघाची सचिव केलं. आज मी गेल्या वर्षीची सभेची सूचना मागितली. उमाजींनी खिशातून कॅलेंडरचं फाटकं पान काढलं. मागे लिहिलं होतं: "सर्वांनी यावे. चहा हाय. उमाजी."

"तारीख कुठं आहे?"

"तोंडी सांगितली हुती की, अक्का."

"कुणाला?"

"जे आले त्यांना."

गिरणी बंद झाली ती इथं.

४ डिसेंबर

सकाळी बसून मसुदा केला. कार्यालयीन ज्ञापनाचा साचा अवघड नाही, पण तो साचा आहे. त्यात कुणी आपलं डोकं घालायचं नाही. वर मध्यभागी संघाचं नाव. त्याखाली डाव्या हाताला क्रमांक, उजव्या हाताला ठिकाण आणि तारीख. मग मध्यभागी, खाली रेघ मारून, "कार्यालयीन ज्ञापन". मग विषय, एका ओळीत. दोन ओळी लागल्या तर लिहिणाऱ्यालाच विषय कळलेला नाही असं समजावं. मग संदर्भ. मग मजकूर, परिच्छेदांना आकडे घालून, आणि सगळा तृतीयपुरुषी. "मी", "तुम्ही", "आपण" यांना ज्ञापनात प्रवेश नाही. कोणी कुणाला सांगत नाही, "कळविण्यात येते". शेवटी सही, खाली नाव, हुद्दा, शिक्का. प्रती कुणाकुणाला ते अगदी तळाशी. वर "महोदय" नाही, खाली "आपला विश्वासू" नाही. मराठी पुढच्या बाजूला, तेच कन्नडात मागच्या बाजूला.

उमाजींनी वाचलं. पान उलटलं. पुन्हा पुढची बाजू बघितली.

"अक्का, नमस्कार कुठं हाय?"

"ज्ञापनात नमस्कार नसतो."

"राम राम तरी?"

"तोही नसतो."

"मग मानूस येईल कशाला?"

"विषय आहे म्हणून येईल. क्रमांक आहे म्हणून येईल."

"आन् चहा?"

"परिच्छेद तीन. 'अल्पोपाहाराची व्यवस्था करण्यात आली आहे.'"

त्यांनी परिच्छेद तीन बोट ठेवून वाचला. "ह्यात चहा दिसत न्हाई," म्हणाले.

मी शिक्का शोधायला घेतला. संघाचा जुना शिक्का इतका झिजलाय की उमटतो तो निव्वळ डाग. दांडेलीहून नवा गोल शिक्का करून आणणार आहे, कडेनं नाव, मध्ये कंदाचं पान.

७ डिसेंबर

संघाचा टेम्पो चालवणारा परशू दिग्गीला घरोघर पाकिटं देऊन आला. परशू रामनगरचा, कामाला चोख, बोलायला कंजूष.

"सगळ्यांनी घेतली?"

"घेतली. दोन्ही हातांनी."

"काही म्हणाले?"

"कुनीच काय बोललं न्हाई. रुक्माक्का तर मला पानी विचारायचं पन विसरली."

हे ऐकून समाधान वाटलं. रुक्मानं घरोघर फिरून, भांडून, रुसून या संघाला सभासद मिळवले. ती कधी गप्प बसल्याचं कुणी ऐकलेलं नाही. रुक्मा गप्प राहते म्हणजे ज्ञापनाचं वजन पडलं.

"पाकिटं फोडली?"

"माझ्यासमोर न्हाई."

तेही बरोबरच. कागद घाईनं फोडू नये.

९ डिसेंबर

नागेशरावांनी ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकला. ओरडले नाही. ज्ञापन काढलं, विषयासह, आणि चहाच्या कपाखाली ठेवलं. दुपारी उत्तर आलं: "संदर्भाधीन टॉवेल दोरीवर स्थलांतरित करण्यात आला आहे." हे जन्मभर टपाल खात्यात होते, तरी क्रमांक घालायचा राहिला. कागद परत पाठवला.

रात्री जेवताना म्हणाले, "आपल्या वैष्णवीच्या लग्नाला दिग्गीला पत्रिका पाठवल्या होत्यास?"

"पाठवायच्या कशाला? अक्षत घेऊन मी स्वतः गेले होते."

"किती आले?"

"सगळे आले. रुक्मानं सुरणाचं पोतं आणलं होतं."

"हं," म्हणाले, आणि आमटी वाढून घेतली. लग्नाचा आणि वार्षिक सभेचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक. लग्नाला गणपूर्ती लागत नाही.

१४ डिसेंबर

सभा आज सकाळी अकरा वाजता, इथं जोयड्यात संघाच्या कचेरीत होती. हजर: मी, उमाजी, परशू. परशू सभासद नाही. दिग्गीचं एकही माणूस नाही. या खेपेला ते नऊही नाहीत.

उमाजींनी आणलेले वडे तिघांनी खाल्ले. "कॅलेंडरच्या कागदाला नऊ आले हुते," एवढंच म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

सभा गणपूर्तीअभावी तहकूब. एकवीस तारखेला पुन्हा. ती शेवटची.

दिवसभर विचार केला आणि चूक सापडली. ज्ञापन सौम्य होतं. विषय नुसता "वार्षिक सभेबाबत" असा होता, त्यामुळे वाचणाऱ्याला घाई वाटली नाही. प्रतीही कुणाला दिल्या नव्हत्या. ज्या कागदाची प्रत वर कुठं जात नाही, तो कागद लोक फळीवर ठेवून देतात. संध्याकाळी दुसरं ज्ञापन केलं. वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं "तातडीचे", पाकिटावरही तेच. विषय: "अंतिम संधी". परिच्छेद चार: "अनुपस्थित राहिल्यास होणाऱ्या परिणामांस संबंधित सभासद स्वतः जबाबदार राहतील." प्रती माहितीसाठी: सहकार कार्यालय, ग्रामपंचायत, आणि वनक्षेत्रपालांचं कार्यालय. हे शेवटचं मी विचारपूर्वक घातलं. सभा लांबली तर सभासदांचा टेम्पो अंधारात रानातल्या गेटवर अडू नये. सोय बघावी लागते.

उमाजींनी वाचलं आणि टोपी काढून मान पुसली. "अक्का, हे वाचून मलाच भ्या वाटाय लागलं."

"ती भीती नाही. गांभीर्य आहे."

"मला दोन्ही सारखीच लागत्यात."

नवा शिक्का फार स्वच्छ उठला. सरकारी कागदाहून सरकारी दिसतोय.

१८ डिसेंबर

परशू माल आणायला दिग्गीला गेला आणि रिकामा परत आला. म्हणतो, सगळी घरं कोन खणून काढतायत, बियाण्याला राखलेलेसुद्धा. मांडावर, म्हणजे गावाच्या बसायच्या देवाच्या जागेवर, रोज संध्याकाळी दिवा लागतो. तिथं कान्हू बुधवंत बसतात. बुधवंत म्हणजे त्या वाड्यांचे मुख्य. त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नाही. परशू दिसला की सगळे बोलायचं थांबतात.

"माल दे म्हटलं तर?"

"रुक्माक्का म्हनली, आता माल कुनाला द्याचा ते आमचं आमी बघतो."

माझ्या मते सभेत माल दाखवायची तयारी असावी. दुसऱ्या ज्ञापनानं शिस्त आली.

नागेशरावांनी विचारलं, "बियाण्याचे कोन कुणी विकायला काढतं का?"

त्यांना शेतीतलं कळत नाही.

२० डिसेंबर

विशेष काही नाही. हजेरीपट आखून ठेवला. पन्नास ओळी, वर दहा जास्त.

संघ बंद पडला तर रुक्मा पुन्हा रस्त्याच्या कडेला पोतं घेऊन बसेल, आणि गाडीतून उतरणारा माणूस बोटानं कोन टोचून म्हणेल, माती फार लागलीय, भाव कमी कर. हे मी रामनगरच्या बाजारात स्वतः बघितलंय. तेव्हा ती काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

२१ डिसेंबर

सविस्तर लिहिते, कारण इतिवृत्तात हे सगळं घालता येणार नाही.

सकाळी दहाला गिरणीवाल्यानं हाक मारली. "अक्का, भाईर या. लवकर."

बस थांबली होती आणि तिच्यातून उतरणारी माणसं संपत नव्हती. मागे एक जीप, तिच्या टपावरही माणसं. सगळी दिग्गी. पुढे कान्हू बुधवंत, खांद्यावर घोंगडी. मागे म्हातारे, बाया, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी आणि पोती. एका आजींच्या टोपलीत कोंबडी. एकानं बकरी आणली होती, तिला बसमध्ये कसं घेतलं कोण जाणे. मी मोजायला लागले. पन्नास झाले तेव्हा निम्मा रस्ता अजून भरलेलाच होता. मोजणं थांबवून हजेरीपट उघडला. इतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

कान्हू टेबलापाशी आले आणि त्यांनी दोरीनं बांधलेला पाकिटांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"हे तुमचे कागद. मोजून घ्या."

"सभासदांनी आपली प्रत स्वतःकडे ठेवायची असते."

"आमाला नको. आमी हलनार न्हाई."

"हलायला कुणी सांगितलंय? बसा."

"बसनारच हाय. हितंच बसनार. कितीबी दिस लागूंदेत."

"इतका वेळ नाही लागणार. विषय चारच आहेत."

कान्हूंनी मागे बघितलं. मागची गर्दी त्यांच्याकडे बघत होती. तेवढ्यात रुक्मा वाट काढत पुढे आली. मला बघून थबकली.

"अगो अक्का! तू हितं काय करतीस? तुला पन घरातनं काढलं काय?"

"मला कोण काढणार? मी सचिव आहे."

"कशाची?"

"संघाची. महिना व्हायला आला. हे ज्ञापन मीच काढलंय. खाली सही आहे, नाव आहे, हुद्दा आहे."

सगळी गर्दी गठ्ठ्याकडे बघायला लागली. कोंबडी तेवढी ओरडली.

"हे," रुक्मा गठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे तू लिवलंस?"

"हो."

"आन् आमी मांडावर बसून बसून मेलो की! आमाला वाटलं, संघ सरकारजमा झाला आन् आता गाव उठवनार. लाल शाई. शेवटची संधी. काय झालं तर तुमीच जबाबदार. आन् तळाला रानवाल्यांचं नाव! गावं तेच उठवत्यात!"

"ते टेम्पो गेटवर अडू नये म्हणून."

"मग तसं लिवायचं की, टेम्पो अडू नये म्हनून!"

"प्रतीच्या यादीत कारण लिहीत नाहीत."

मागे उमाजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

मी म्हटलं, "संघाचं नाव वर मोठ्या अक्षरात आहे. ते कुणी वाचलं नाही?"

"वाचलं," कान्हू म्हणाले. "आमच्या श्वेतानं मांडावर मोठ्यानं वाचलं. तवाच मी म्हनलो, हे संघाचं न्हवं. संघ आमचा. आपला मानूस आपल्याला 'कळविण्यात येते' म्हनल व्हय? मी पोरीला इचारलं, कळवतंय कोन? ती म्हनली, आज्जा, ते लिवलेलं न्हाई. खालचं नाव कुनाच्या वळखीचं न्हवतं, तुमाला आमी अक्काच म्हनतो. बोलनारा कोन ते लपवून बोलतोय म्हटल्यावर काय समजायचं?"

"लपवलेलं नाही. ते तृतीयपुरुषी असतं."

"तिसरा पुरुष कोन ग मधीच?" रुक्मा म्हणाली. "तू बाई, मी बाई!"

यावर सगळा रस्ता हसला. गिरणीवालाही हसला, त्याचा यात काही संबंध नव्हता.

मी विचारलं, पहिल्या ज्ञापनाला का आला नाहीत. कान्हूंनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. शिक्क्याचा कागद दिग्गीत एकटं घर फोडत नाही. तो मांडावर ठेवतात, आणि मांड बसतो त्या दिवशी सगळ्यांसमोर फोडतात. पहिला कागद मांडावरच होता. मांड बसेपर्यंत माझी तारीख निघून गेली. दुसऱ्यावर लाल शाई बघून बुधवंतांनी मांड लगेच बसवला.

"एकट्या घराला कागद आला की घर भितं," ते म्हणाले. "गावाला आला की गाव बसून इचार करतं. आन् जायाचं ठरलं तर समद्या घरांनी जायाचं. एक चूल मागं ऱ्हायची न्हाई."

तेव्हा माझं लक्ष पोत्यांकडे गेलं. मी रुक्माला विचारलं, यात काय आहे.

"बियान्याचे कोन. उठवलंच तर जिथं टाकतील तिथं लावाय तरी व्हावेत."

कोंबडीवाल्या आजींनी टोपली सावरली. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "मग बाय, आमी घरी परत जायाचं? आमच्याच घरी?"

"हो," मी म्हटलं. "तुमच्याच."

त्या पायरीवर बसल्या आणि कोंबडी टोपलीतून काढून मांडीवर घेतली. मी उठून समोरच्या हॉटेलात गेले आणि सगळ्यांना चहा आणि पुरीभाजी सांगितली. ठरावाशिवाय खर्च केला. नियमबाह्य आहे. इथं नोंद करून ठेवते.

मी परत आले तेव्हा उमाजी डोळे पुसत म्हणाले, "अक्का, पन्नासाच्या कितीतरी वर हायत. घ्या की सभा."

मी कान्हूंकडे बघितलं. फसवून घेतलेली हजेरी मला नको होती. म्हणून त्यांना सगळं सांगितलं: सहकार कार्यालयाचं पत्र, पन्नासची अट, आज झाली नाही तर संघ बंद. ते सांगताना "मी" आणि "तुम्ही" बरेच वेळा आले.

"येवडंच हुतं?" कान्हू म्हणाले. "हे परशूकडनं तोंडी सांगितलं असतं तरी आलो असतो. आलोच हाय तर घ्या."

सभा झाली. रस्त्यावर, गिरणीच्या सावलीत. मी एक विषय वाचायची, रुक्मा म्हणायची, "आता त्याचा अर्थ सांग." चार विषयांना दिवस मावळला. सगळे ठराव एकमतानं. बकरीनं विषयपत्रिकेची एक प्रत खाल्ली. कार्यालयीन प्रत सुरक्षित आहे.

परिच्छेद तीनबद्दल रुक्मानं शेवटी विचारलंच. "ते अल्पो-काय ते, म्हंजे पुरीभाजी व्हय? मग तसं पाकिटावरच लिवलं असतंस तर पयल्या कागदालाच निम्मी आली असती, मांड असो नसो."

२४ डिसेंबर

सहकार कार्यालयात इतिवृत्त दिलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी हजेरीपट बघितला, मग माझ्याकडे, मग पुन्हा हजेरीपट. "एवढी माणसं कशी जमवलीत?" मी म्हटलं, रीतसर ज्ञापन काढून. ते खरंच आहे. नोंदणी कायम.

घरी नागेशरावांना सांगितलं की मसुद्यात दोष नव्हता. क्रमांक, विषय, संदर्भ, परिच्छेद, सगळं जागच्या जागी होतं. ते म्हणाले, "दोष नव्हता हेच तर चुकलं." हसायला लागले ते झोपेपर्यंत. मी ज्ञापन काढलं नाही.

२८ डिसेंबर

परशूच्या टेम्पोतून दिग्गीला गेले. निम्म्या वाटेत टेम्पो रुसला, पुढे चालत. रुक्मा वाटेवर घ्यायला आली होती. "कागद आनलास काय?" म्हणाली. म्हटलं, नाही, स्वतः आलेय. "मग पानी देते," म्हणाली.

बियाण्याचे कोन पुन्हा मातीखाली झाकून ठेवलेले बघितले. पावसाच्या तोंडाला लागतील.

संध्याकाळी मांड बसला. पुढच्या सभेचं कसं कळवायचं, यावर बराच वेळ गेला. कान्हूंचं म्हणणं, कागदच नको. मी म्हटलं, कागद हवाच. कागद नसला तर तारीख नसते, तारीख नसली तर नऊ येतात. उमाजी सोबत होते, त्यांनी मान खाली घातली. शेवटी ठरलं ते असं: ज्ञापन गावाला एकच. ते परशूनं टाकायचं नाही, मी घेऊन यायचं, मांडावर सगळ्यांसमोर फोडायचं आणि माझ्या तोंडानं वाचायचं. लाल शाई नाही. प्रत कुणाला जाते, का जाते, ते वाचून सांगायचं.

"आन् वर नमस्कार घालनार काय?" कान्हूंनी विचारलं.

"ज्ञापनात नमस्कार नसतो," मी म्हटलं. "तो मी आल्यावर करीन."

त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "चालंल."

हस्तांतराची नोंद. ठिकाण: दिग्गी, मांड. समक्ष: सर्व घरं.

कान्हू बुधवंत यांच्या हाती दिलं: संघाचा गोल शिक्का, एक. यापुढे तो मांडावर राहील.

रुक्मा यांच्या हाती दिलं: हजेरीपट. पुढच्या वर्षीच्या ओळी त्या स्वतः आखतील. माझ्या ओळी फार जवळ येतात, त्यांचा अंगठा मावत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला मिळालं: करांदे, एक पिशवी. बियाण्याचा कोन, एक, परसात लावण्यासाठी.

शाईची पेटी मी माझ्याकडे ठेवली. शिक्का आणि शाई एका जागी असू नयेत.